पाच अक्षांचं मशीन जपानहून आणताना

भोसरीतल्या आमच्या कारखान्यात कॉम्प्रेसरचे इम्पेलर, म्हणजे हवा दाबणारी पात्यांची चाकं, बनतात. पाती वळणदार आणि दोन पात्यांमधली जागा अरुंद, म्हणून पाचही अक्ष एकाच वेळी चालणारं मशीनिंग सेंटर लागतं. भाव, हप्ते, ट्रायल कट हे सगळं कुठल्याही मशीनसारखंच पार पडतं. खरी खरेदी त्यानंतर सुरू होते, आणि तिथे विक्रेत्याच्या हातात फारसं काही नसतं. अशी यंत्रं शस्त्रांच्या आणि अणुकामाच्या उपयोगाचीही असतात, म्हणून ती देशाबाहेर पाठवायला निर्यात परवाना लागतो, आणि तो टोकियोतलं अर्थ, व्यापार व उद्योग मंत्रालय देतं. मशीन जर्मन असेल तर बाफा हे सरकारी कार्यालय.

पीओ (खरेदीची ऑर्डर) देण्याआधी एक गोष्ट विक्रेत्याकडून लेखी घ्यावी: हे मॉडेल नेमकं कोणत्या नियंत्रण यादीत, कोणत्या क्रमांकाखाली बसतं. इथे दोन याद्या आड येतात. वासेनार कराराची, म्हणजे शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या मालाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांच्या गटाची, यादी अचूकता मोजते. पाच अक्षांच्या मिलिंग मशीनमध्ये एक मीटरहून कमी प्रवासाच्या एखाद्या सरळ अक्षाची एकदिश पुनरावृत्तिक्षमता (एकाच दिशेने पुन्हा पुन्हा त्याच जागी येताना पडणारा फरक) ०.९ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असेल, तर ते नियंत्रित. प्रवास १ ते ४ मीटर असेल तर हीच मर्यादा १.४ मायक्रॉन. आमचं मॉडेल या चाळणीतून सुटत होतं, त्यामुळे एजंटाने "परवान्याची कटकट नाही" असं सांगून टाकलं. दुसरी यादी अणुपुरवठादार गटाची, म्हणजे अणुसामग्रीच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या एनएसजीची. तिथे पाच अक्ष एकत्र चालतात एवढंच पुरतं, मायक्रॉन कोणी विचारत नाही. सूट आहे ती एक्स अक्षाचा प्रवास २ मीटरहून जास्त आणि त्यावरची अचूकता ३० मायक्रॉनपेक्षा ढिली असलेल्या मशीनला. इम्पेलरसाठी असं मशीन कोण घेईल?

राजकारण कारखान्यात शिरतं ते इथून. भारत २०१७च्या डिसेंबरात वासेनारचा सदस्य झाला, त्याआधी २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटाचा. एनएसजीची गोष्ट वेगळी. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर तो गट उभा राहिला तोच मुळी आपल्यामुळे. २००८ मध्ये मिळालेली सवलत नागरी अणुव्यापारापुरती आहे. सदस्यत्वासाठी २०१६ मध्ये अर्ज केला, पण तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि चीन तयार नाही. जपानच्या सर्वांत विश्वासू देशांच्या 'अ' गटात आपण नाही, युरोपीय संघाच्या ज्या सर्वसाधारण परवान्यावर अमेरिका, जपानला माल सरसकट जातो त्यातही नाही. म्हणून प्रत्येक मशीनसाठी स्वतंत्र अर्ज.

चार अक्षांवर भागवा, असा सल्ला हमखास मिळतो. कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारी संगणकीय यंत्रणा, बनवणाऱ्या कंपन्या तशा आवृत्त्या ठेवतातच. फानुक या जपानी कंपनीची ३१आय-बी चार अक्ष एकत्र चालवते, पाचासाठी बी५ घ्यावी लागते. टेबल कलतं करून, लॉक करून तीन अक्षांनी कापायचं (थ्री प्लस टू) म्हटलं तर हाउसिंग, ब्रॅकेट उत्तम होतात. इम्पेलरच्या पात्यावर मात्र प्रत्येक कलाच्या सांध्याला रेघ उमटते आणि ती हाताने घासावी लागते. पुढे पाचवा अक्ष उघडून घेऊ, हा हिशेबही चुकतो, कारण ते अपग्रेडसुद्धा परवान्याखालीच येतं.

अर्जाचा जीव एंड-यूजर सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे मशीन कोण आणि कशासाठी वापरणार याच्या लेखी हमीत, असतो. कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह मूळ प्रत लागते. वापराच्या रकान्यात 'जनरल इंजिनिअरिंग' लिहिलं की फाइल प्रश्न घेऊन परत येते. भागाचं नाव, व्यास, धातू, तो कोणत्या यंत्रात बसतो आणि ते यंत्र काय काम करतं, हे सगळं लिहायचं. ॲल्युमिनियमवर कोणी थबकत नाही. टायटॅनियमवर प्रश्न येतात. मॅरेजिंग स्टील (एक अतिशय मजबूत पोलाद) लिहिलंत तर लांबलचक पत्रव्यवहाराची तयारी ठेवा, कारण ते युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये वापरतात. जॉबवर्क करणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे. आज ज्याचं काम आहे तो ग्राहक उद्या नसेल, आणि फॉर्म तर अंतिम ग्राहक विचारतो. यादीत संरक्षण किंवा अवकाश क्षेत्रातला ग्राहक असेल तर तो लपवू नये. वेबसाइट, ब्रोशर सगळं तपासलं जातं आणि लपवलेलं नाव सापडलं तर पुढचे अर्जही संशयातच पाहिले जातात.

सगळ्यात जास्त वेळ मात्र पत्त्याने खाल्ला. आयईसीवर (आयात-निर्यातीच्या नोंदणी क्रमांकावर) एमआयडीसीचा प्लॉट नंबर, जीएसटी नोंदणीवर गट नंबर, लेटरहेडवर जुनं ऑफिस, इंग्रजीत भोसरीची दोन स्पेलिंग. आपल्याला हे क्षुल्लक वाटतं, पण परवाना देणाऱ्याला ही तीन वेगळी ठिकाणं दिसतात. अर्जाआधी सगळे दाखले एका पत्त्यावर आणून ठेवा, शेडचा लेआउट आणि मशीनची जागा दाखवणारा नकाशा जोडा.

पैशांच्या बाबतीत नियम साधा: परवाना हातात आल्याशिवाय एलसी, म्हणजे विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी, उघडू नका. तिची मुदत उलटली की ती बदलून घेण्याचे चार्जेस आपल्याच माथी. परवाना नाकारला तर ॲडव्हान्स किती दिवसांत परत मिळेल, हे करारात लिहून घ्या. ईपीसीजी या निर्यातदारांसाठीच्या सरकारी योजनेखाली मशीनवरचं सीमाशुल्क माफ होतं, पण वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करावी लागते. त्या अर्जातलं आणि एंड-यूजर सर्टिफिकेटमधलं वर्णन शब्दशः जुळलं पाहिजे.

मशीन आलं की आत एक स्थलांतर-शोधक यंत्रणा बसवलेली असते. मशीन हललं असं तिला वाटलं की कंट्रोल लॉक होतो आणि तो कंपनीचा माणूसच उघडतो. जपानी कंपन्यांची ही धास्ती जुनी आहे. १९८०च्या दशकात तोशिबा मशीनने सोव्हिएत संघाला पाणबुडीचे प्रोपेलर कापणारी यंत्रं विकली. १९८७ मध्ये ते उघड झालं आणि अमेरिकेत केवढं तरी वादळ उठलं. आपल्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, की फाउंडेशन पूर्ण पिकू द्या, लेव्हलिंग संपवा, क्रेनची कामं उरका आणि मगच ही यंत्रणा चालू करून घ्या. शेडमधल्या शेडमध्ये मशीन सरकवायचं असलं तरी आधी कंपनीला लेखी कळवावं लागतं.

एवढं करून येतं ते लोखंड. भारताच्या रॉकेटसाठीच्या क्रायोजेनिक इंजिनांच्या वेळी, १९९३ मध्ये, अमेरिकी दबावाखाली रशियाने हेच केलं: इंजिनं दिली, तंत्र दिलं नाही. मशीनसोबतचं प्रशिक्षण मेनू आणि देखभालीपुरतं असतं. पोस्ट-प्रोसेसर (टूलचा मार्ग मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम), पात्याच्या कडेला टूलचा कल किती ठेवायचा, इन्कोनेल या निकेलच्या चिवट मिश्रधातूला कटर कुठे थरथरतो, हे आपलं आपणच बसवावं लागतं. पोस्ट-प्रोसेसरसाठी वेगळं बजेट ठेवा आणि पहिले इम्पेलर ॲल्युमिनियमचेच कापा. टेबल आणि हेड धडकण्याची चूक होते ती बहुधा इथेच, आणि धडकलेला स्पिंडल दुरुस्तीला जपानला पाठवायचा तर आपल्याकडून स्कोमेटचा, म्हणजे भारताच्या स्वतःच्या निर्यात नियंत्रण यादीखालचा, परवाना लागतो का, ते आधी तपासावं लागतं. पुढे मशीन विकायचं ठरलं तर गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीतलं असलं, तरी आधी कंपनीची संमती आणि नव्या मालकाचं नवं एंड-यूजर सर्टिफिकेट लागतंच.