ब्लिथबर्गचे देवदूत आणि शिशाचे छर्रे

इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक परगण्यात ब्लिथ नदी समुद्राला मिळण्यापूर्वी पसरट होते आणि भरतीच्या वेळी दोन्ही काठांवरची दलदल पाण्याखाली जाते. त्या पाण्यालगतच्या उंचवट्यावर होली ट्रिनिटी चर्च उभे आहे. ब्लिथबर्ग हे गाव इतके लहान आहे की महामार्गावरून जाताना आधी चर्च दिसते आणि गाव नंतर लक्षात येते. लोक या वास्तूला ‘दलदलीतले कॅथीड्रल’ म्हणतात. प्रत्यक्षात येथे कधी बिशपचे पीठ नव्हते, हे साधे पॅरिश चर्च, म्हणजे गावच्या भाविकांचे चर्च आहे. तरीही त्याची लांबी सुमारे १२५ फूट आहे, आणि एवढ्याशा गावाला एवढे मोठे चर्च कशासाठी लागले असेल, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात येतोच.

पंधराव्या शतकात ब्लिथबर्ग हे नदीवरचे चालते बंदर होते, हे त्याचे उत्तर आहे. गावात ऑगस्टिनियन पंथाच्या धर्मबंधूंचा एक छोटा मठ होता आणि पॅरिशचे चर्च त्याच्याच ताब्यात होते. १४१२ मध्ये राजा चौथ्या हेन्रीने या धर्मबंधूंना चर्च नव्याने बांधण्याची परवानगी दिली. त्यानंतर अनेक दशके काम चालले आणि जुन्या चर्चपैकी पश्चिमेकडचा चौदाव्या शतकातील मनोरा तेवढा राखला गेला. पुढे नदी गाळाने भरत गेली, जहाजे मोठी झाली आणि व्यापार दुसरीकडे वळला. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३७ मध्ये, मठही बंद झाला. उरले ते गावाला न पेलणारे एक भव्य चर्च.

या वास्तूची शैली ‘पर्पेंडिक्युलर’ म्हणून ओळखली जाते. इंग्लंडमधील गॉथिक वास्तुकलेचा हा शेवटचा मोठा टप्पा. उभ्या रेषांवर भर, रुंद खिडक्या आणि भिंतीत दगड कमी, काच जास्त, ही त्याची लक्षणे येथे स्पष्ट दिसतात. सफोकमध्ये बांधकामाला योग्य असा चांगला दगड मिळत नाही. मिळते ती खडूच्या थरांतली गारगोटी, म्हणजे चकमकीचा दगड. तेथील गवंड्यांनी या उणिवेचेच कौशल्य केले. गारगोटी फोडली की आतला काळाभोर, तुकतुकीत भाग उघडा पडतो. तो बाहेर राहील अशा रीतीने तुकडे बसवायचे आणि दूरच्या खाणींतून जलमार्गाने आणलेल्या फिकट चुनखडीच्या चौकटीत त्यांचे नक्षीकाम करायचे, अशी ही पद्धत आहे. पूर्वेच्या मोठ्या खिडकीखाली याच रीतीने मुकुटधारी अक्षरांची एक ओळ घडवली आहे.

आत गेल्यावर मात्र नक्षीपेक्षा उजेडाचा प्रभाव अधिक पडतो. बाजूच्या दालनांच्या छपरांवरून मुख्य दालनाची भिंत आणखी वर चढते आणि त्या वरच्या पट्ट्यात दोन्हीकडे लागून लागून खिडक्यांची रांग आहे. वेदीचा भाग आणि मुख्य दालन यांच्यामध्ये भिंतीची कमान नाही, त्यामुळे एकच छत पश्चिमेकडून पूर्वेपर्यंत अखंड जाते. या छताला उतार अगदी कमी आहे. आडव्या तुळयांच्या मध्यावर लाकडात कोरलेले देवदूत पाठीला पाठ लावून बसवले आहेत. एकाचे तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचे पश्चिमेला, आणि दोघांचेही पंख पसरलेले. तुळयांवर फुलांची आणि येशूच्या नावातील अक्षरांची रंगीत चित्रे असून त्या फिकट झालेल्या रंगाला पंधराव्या शतकानंतर कोणी हात लावलेला नाही.

या देवदूतांविषयी जी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, तिच्याबद्दलच मला मुख्यतः लिहायचे आहे. सतराव्या शतकात राजा आणि संसद यांच्यात झालेल्या यादवी युद्धाच्या काळात विल्यम डाउझिंग हा प्युरिटन, म्हणजे चर्चमधल्या मूर्ती-चित्रांना विरोध करणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंट पंथाचा, अधिकारी येथे आला आणि त्याच्या माणसांनी छतावरच्या देवदूतांवर बंदुका झाडल्या, अशी ती गोष्ट. लाकडात रुतलेले शिशाचे छर्रे हा तिचा पुरावा. मीही ती अनेक वर्षे खरी मानत होतो, कारण डाउझिंगबद्दल काहीही वाईट ऐकले तरी ते पटण्याजोगेच वाटते. संसदेच्या बाजूचा सेनापती अर्ल ऑफ मँचेस्टर याच्या आदेशावरून त्याने १६४३-४४ मध्ये केंब्रिजशायर आणि सफोकमधील अडीचशेच्या आसपास चर्चमधल्या मूर्ती, चित्रे आणि रंगीत काचा नष्ट करवल्या, हे निर्विवाद आहे.

पण डाउझिंग आपल्या कामाची रोजनिशी ठेवत असे आणि ९ एप्रिल १६४४ ची ब्लिथबर्गची नोंद उपलब्ध आहे. त्या दिवशी त्याला येथे वीस ‘अंधश्रद्धेची’ चित्रे आणि दोन क्रूस आढळले. मृतांच्या आत्म्यासाठी प्रार्थना मागणारे तीन लेख त्याने फोडले. आणखी दोनशेहून अधिक चित्रे आठ दिवसांत काढण्याचा हुकूम दिला. आणि वीस देवदूत उतरवले जावेत, असेही लिहिले. बंदुकीचा उल्लेख कोठेही नाही. आपण काय मोडले याचा इतका चोख हिशेब ठेवणारा माणूस गोळीबार लपवून ठेवील, हे संभवत नाही. देवदूत उतरवण्यासाठी एवढ्या उंचीवर परांची बांधावी लागली असती आणि तो खर्च पॅरिशवर पडला असता. मला वाटते, म्हणूनच हुकूम कागदावर राहिला असावा.

मग छर्रे कोठून आले? त्याचे उत्तर चर्चच्याच हिशेबवह्यांत आहे. १७६१ मध्ये चर्चमध्ये शिरलेल्या जॅकडॉ पक्ष्यांना मारण्यासाठी पैसे दिल्याची नोंद तेथे सापडते. जॅकडॉ हा कावळ्याच्या कुळातील लहान पक्षी जुन्या इमारतींत घरटी करतो. म्हणजे देवदूतांना लागलेले छर्रे द्वेषाने झाडलेले नव्हते. पक्षी हाकलण्याच्या खटपटीत कोणाचा तरी नेम चुकला होता. देवदूतांतले काही आज नाहीत, हे खरे. त्यांच्यापैकी पश्चिमेकडचे बहुधा डाउझिंगच्या जन्मापूर्वीच गेले असावेत.

कारण ४ ऑगस्ट १५७७ रोजी, रविवारची उपासना चालू असताना, येथे भयंकर वादळ झाले. मनोऱ्यावरचा निमुळता कळस वीज पडून छतातून आत कोसळला आणि एक पुरुष व एक मुलगा ठार झाले. त्याच सकाळी जवळच्या बंगे गावातील चर्चवरही वीज पडली. लवकरच लंडनमध्ये अब्राहम फ्लेमिंगची पुस्तिका छापली गेली आणि तिने या साऱ्याचा दोष सैतानरूपी काळ्या कुत्र्यावर ठेवला. ब्लिथबर्गच्या उत्तरेकडील दारावर जे करपल्याचे डाग आहेत, त्यांना त्या कुत्र्याच्या नखांच्या खुणा म्हणतात. मला त्या दंतकथेपेक्षा त्या दोन मृतांची आठवण अधिक अस्वस्थ करते. कुत्र्याची गोष्ट इतकी गाजली की त्यांच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

बाकांच्या टोकांवरील कोरीवकामाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. तेथे सात महापापांपैकी काही कोरली आहेत: आळस अंथरुणात उठून बसला आहे, लोभ आपल्या पेटीवर ठाण मांडून आहे, आणि खादाडपणा सुटलेले पोट धरून आहे. हे चेहरे ओळखीचे वाटतात. कोरणाऱ्याने बहुधा शेजारीपाजारी पाहूनच ते घडवले असावेत. वेदीजवळ १६८२ सालचा लाकडी ‘जॅक’ आहे. हा दाढीवाला लहानसा पुतळा घंटेवर ठोका देतो.

एकोणिसाव्या शतकात छत इतके गळू लागले होते की लोक छत्र्या उघडून उपासनेला बसत, असे सांगतात. १८८१ मध्ये इमारत धोकादायक ठरवून चर्च बंद करण्यात आले. त्या काळात जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुने खरवडून नवे, चकचकीत ‘मध्ययुगीन’ काम बसवण्याची लाट इंग्लंडभर होती. तिला विरोध करण्यासाठी विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली होती आणि तिने ब्लिथबर्गच्या प्रकरणातही लक्ष घातले. जे आहे ते टिकेल एवढीच दुरुस्ती करावी, हरवलेले नव्याने रचू नये, हा तिचा आग्रह. निधी अपुरा होता, वाद लांबला, पण व्हायचे तेवढेच काम झाले. देवदूतांना पुन्हा रंग दिला गेला नाही, आणि वरच्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात तुळयांवरचा लाल व हिरवा रंग नीट पाहिला, तर तो मूळचाच असल्याचे आजही कळते.