मॉन्टेरे काउंटी: धुक्यावर पोसलेला मुलूख

सॅन होजेहून १०१ क्रमांकाच्या महामार्गाने निघालो तेव्हा ऑगस्टचे ऊन चांगलेच भाजत होते. प्रूनडेलच्या टेकड्या उतरून सलिनासच्या खोऱ्यात आलो, तर अंगात स्वेटर घालावा लागला. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, सारे अर्थकारण या गारव्यावर उभे आहे, हे पुढच्या प्रवासात हळूहळू ध्यानात आले.

किनाऱ्यालगत थंड प्रवाह वाहतो, आणि वसंतापासून वायव्येचे वारे वरचे पाणी बाहेर लोटू लागले की खोलातले थंड, पोषक पाणी वर येते. त्यावरून आलेल्या हवेचे धुके होते. पूर्वेची गॅबिलान आणि पश्चिमेची सांता लुसिया या डोंगररांगांमधले लांबलचक खोरे समुद्राकडे तोंड करून असल्यामुळे हे धुके थेट शेतांवर येते. म्हणूनच ऐन उन्हाळ्यात इथे लेट्यूस (सॅलडचा पाला), ब्रोकोली, फ्लॉवर आणि स्ट्रॉबेरी पिकते. लेट्यूसला उष्णता मुळीच सोसत नाही.

रस्त्याकडेला थांबून काढणी पाहिली. संथ चालणाऱ्या यंत्रामागे वाकलेले मजूर एका फटक्यात गड्डा कापतात, बाहेरची पाने काढतात आणि तिथेच खोक्यात भरतात. खोकी शीतगृहात नेऊन हवेचा दाब इतका कमी करतात की पानांतले थोडे पाणी उडून जाताना माल अर्ध्या तासात गोठणबिंदूच्या जवळ येतो. त्यामुळेच तो हजारो किलोमीटर दूरच्या न्यूयॉर्कपर्यंत ताजा पोहोचतो. हिवाळ्यात लागवड ॲरिझोनातल्या युमाकडे सरकते आणि कितीतरी मजूर कुटुंबे तिच्यामागे जातात, आपल्याकडे बीडची माणसे ऊसतोडीला निघतात तशीच. यांतले बहुतेक मेक्सिकन वंशाचे. ग्रीनफिल्डसारख्या गावात तर स्पॅनिशही ज्यांची मातृभाषा नाही असे मेक्सिकोतल्या ओआहाका राज्याचे त्रिकी आदिवासी मोठ्या संख्येने राहतात. १९७० मध्ये शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांच्या संघटनेने इथेच मोठा संप केला होता आणि त्यापायी चावेझ यांना सलिनासच्या तुरुंगात जावे लागले. ज्याने मजुरांच्या पाठी कायमच्या मोडत, त्या आखूड दांड्याच्या कुदळीवर राज्यात बंदी यायला १९७५ उजाडले.

कॅस्ट्रोव्हिलला तिथले प्रसिद्ध तळलेले आर्टिचोक, म्हणजे एका काटेरी झाडाच्या फुलाच्या कळ्या, खाल्ले. बरे लागले, पण त्याचे एवढे कौतुक का, ते मला उमगले नाही. या गावाची खरी गोष्ट पाण्याची आहे. सलिनास नदी उन्हाळ्यात बरीचशी वाळूखालून वाहते आणि शेती विहिरींवर चालते. वर्षानुवर्षे उपसा झाल्याने समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरले. १९९८ पासून कॅस्ट्रोव्हिलच्या शेतांना शुद्ध केलेले सांडपाणी दिले जाते.

जवळच्या मॉस लँडिंग बंदराच्या तोंडाशीच समुद्राखालची एक प्रचंड घळ सुरू होते. या उपसागरातल्या विपुल जीवसृष्टीवर मॉन्टेरे शहराची एक अख्खी पिढी जगली. आधी चिनी कोळी आले. पॉइंट अलोन्सची त्यांची वस्ती १९०६ मध्ये आगीत गेली. पुढे सिसिलीच्या कोळ्यांनी आणलेल्या जाळ्यांनी सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीच्या भाऊबंदांचा, डबाबंद धंदा उभा केला. बेसुमार मासेमारी आणि समुद्राच्या बदलत्या तापमानामुळे १९४० च्या दशकाच्या अखेरीस मासळीच संपत आली. शेवटचा कारखाना १९७३ मध्ये बंद पडला आणि त्याच जागी १९८४ साली मत्स्यालय उघडले. मासे मारण्यापेक्षा मासे दाखवण्यात अधिक पैसा निघाला, आणि आज पर्यटन हा शेतीखालोखाल इथला मोठा व्यवसाय आहे.

पेबल बीचचे गोल्फ मैदान आणि कार्मेलची गोंडस दुकाने मी घाईनेच पाहिली. त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मला अधिक बोलका वाटला तो संध्याकाळी सलिनासकडे परतणारा ६८ क्रमांकाचा रस्ता, जिथे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत खोल्या आवरणारी, भांडी घासणारी कितीतरी माणसे सलिनासलाच राहतात, कारण किनाऱ्यावरची घरभाडी त्यांच्या आवाक्याबाहेरची आहेत. आणि सलिनासमध्येही एकाच घरात दोन-दोन कुटुंबे दाटीवाटीने राहतात.