हळद, उंदीर आणि ४१२ नॅनोमीटर

सांगलीत राहून औषधशास्त्रात एम.फार्म. करायचं म्हटलं की 'कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) आणि स्मरणशक्ती' हा विषय सुचतोच. हळद मार्केट यार्डात, ब्राह्मी काष्ठौषधीवाल्याकडे. शिवाय या विषयावर सायटेशन (इतरांच्या पेपरांत आपल्या पेपरचे उल्लेख) भरपूर मिळतात, असं कोणीतरी सांगितलेलं असतं. मिळतात, पण कशाला, तेही बघा.

या क्षेत्रात पिढ्यान्‌पिढ्या उद्धृत होत आलेले पेपर बरेचसे पद्धतीचे आहेत. एल्मन आणि सहकाऱ्यांचा १९६१ चा, ॲसिटिलकोलिनएस्टरेज (स्मृतीशी निगडित ॲसिटिलकोलिन तोडणारं एन्झाइम) मोजण्याचा. रिचर्ड मॉरिस यांचा १९८४ चा, पाण्यातल्या चक्रव्यूहाचा, म्हणजे हौदात पाण्याखाली लपवलेला फलाट उंदराने आठवणीने शोधायचा. शोध जुने होतात, पाककृती मात्र प्रत्येक नव्या स्वयंपाकघरात लागते.

एल्मनची पाककृती अशी: मेंदूच्या ऊतीचं होमोजेनेट, म्हणजे वाटलेलं मिश्रण (मिलीला सुमारे २० मिग्रॅ ऊती) ०.४ मिली, पीएच ८ चा ०.१ मोलर फॉस्फेट बफर २.६ मिली, डीटीएनबी (रंग देणारं रसायन) १०० मायक्रोलिटर, शेवटी ॲसिटिलथायोकोलिन (एन्झाइमने तोडायचा पदार्थ) २० मायक्रोलिटर. सुटणारा पिवळा रंग ४१२ नॅनोमीटरला वाचायचा आणि मिनिटागणिक वाढ काढायची.

आता गंमत. कर्क्युमिनही पिवळंच, त्याचं प्रकाशशोषण ४२५ नॅनोमीटरच्या आसपास. त्यात पीएच ८ च्या बफरमध्ये ते टिकत नाही, काही मिनिटांतच विघटित व्हायला लागतं. अर्क थेट एन्झाइममध्ये मिसळला की एन्झाइमचा रंग चढतो आणि हळदीचा उतरतो. वजाबाकी होऊन चढ कमी दिसतो आणि आपण 'एन्झाइम रोखलं' असं लिहून मोकळे! म्हणून ॲसिटिलथायोकोलिन वगळून, पण अर्क आणि डीटीएनबी घालून वेगळा ब्लँक (तुलनेचा नमुना) लावायचा आणि त्याचा उतार वजा करायचा. नुसत्या बफरचा ब्लँक इथे कुचकामी. २०१७ साली 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त कर्क्युमिनवर आलेला कडक आढावा अशाच फसव्या निकालांबद्दल बोलतो. मिरीतलं पायपरिन जोडून कर्क्युमिनचं शरीरातलं शोषण वाढवणार असाल, तर ते यकृतातली एन्झाइम्स रोखून सोबतच्या औषधांचीही पातळी बदलू शकतं. त्यामुळे नुसत्या पायपरिनचाही गट हवा.

मॉरिसच्या हौदात खरी अडचण पाण्याची. उंदरांसाठी साधारण २२ ते २६ अंश चालतं. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी याच्या पुष्कळ वर जातं. मग उंदीर निवांत तरंगतो, फलाट शोधायची घाई करत नाही. थंडीत उलटं, अंग गारठून पोहणंच मंदावतं. पाणी पांढरं करायला दूध पावडर घातली तर उन्हाळ्यात नासते. आणि पांढरा उंदीर पांढऱ्या पाण्यात कॅमेऱ्याला दिसत नाही. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा स्विस अल्बिनो तर डोळ्यांनीच अधू, त्यातल्या काही वंशांत डोळ्याचा पडदा झडण्याचं जनुकही असतं. म्हणून फलाटावर झेंडी लावून दृश्य चाचणी आधी घ्या. ती न जमणाऱ्या उंदराची स्मरणशक्ती मोजण्यात अर्थ नाही.

प्रयोगात मुद्दाम विसराळूपणा आणायला देतात त्या स्कोपोलामाइनचं (१ मिग्रॅ प्रति किलो, पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने, प्रयोगाआधी ३० मिनिटं) तसंच. त्याने स्मृती बिघडते, तशी चळवळही वाढते. पोहण्याचा वेग वेगळा नोंदवला नाही, तर नेमकं काय बिघडलं ते कळणार नाही. मेंदूत फारसं न शिरणाऱ्या मिथाइलस्कोपोलामाइनचा गट बहुतेक प्रबंधांत नसतो. असायला हवा.

यावरचा सर्वांत देखणा तोडगा स्मृतीचे संशोधक जेम्स मॅगॉ यांचा: औषध शिकवण्याच्या *नंतर* द्या. मग शिकताना दिसलं का, भूक होती का, पाय चालले का, हे प्रश्नच उरत नाहीत. बदल दिसला तर तो स्मृती पक्की होण्यातला. या एका युक्तीवर त्यांनी अनेक दशकं काम केलं. पुढे १९९४ साली कॅहिल आणि त्यांनी माणसांवर प्रोप्रॅनोलॉल (ॲड्रिनॅलिनचा परिणाम रोखणारं औषध) वापरून दाखवलं, की त्याने भावनिक गोष्टीची आठवण मंदावते, साध्या गोष्टीची नाही. (इथे मात्र औषध गोष्टीच्या आधी दिलं होतं.)

राहिला एच-इंडेक्स, म्हणजे संशोधकाच्या सायटेशनचं माप. हर्श यांचं हे माप २००५ चं: एच इतके पेपर, प्रत्येकाला किमान एच सायटेशन. एका पेपरला हजारो सायटेशन आले तरी तो त्यात एकच मोजला जातो. सायटेशन मोजणाऱ्या गूगल स्कॉलरचा आकडा स्कोपस या दुसऱ्या सूचीपेक्षा सहसा मोठा येतो, म्हणून बायोडेटात स्रोत आणि तारीख लिहा. आणि आडनाव पाटील असेल तर पहिल्या पेपरआधीच ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढा, कारण 'पाटील एस.' या नावाखाली अख्खं मिरज-तासगाव एकत्र होतं. वडिलांचं नाव लिहायचं की नाही, लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही, हेही तेव्हाच ठरवा.