कार्ड रिकामं बसलंय

गेम चालू असताना स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, ५८ टक्के. बस, एवढंच. गेम अडकत नाही, मशीन बंद पडत नाही, पण तो आकडा काही डोक्यातून जात नाही. सगळी जमवाजमव नव्या कार्डासाठी चाललीय, आणि जे आहे तेच निम्मं रिकामं बसलंय?

दादाचं ठरलेलं आहे: "कार्ड ली ले भो, बाकी मंग दखू." दादाशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मांडूनच बघू. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर कार्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ४५० वॉटचा पॉवर सप्लाय, १०८०पी १४४ हर्ट्झ मॉनिटर. १४४ म्हणजे दर ६.९ मिलिसेकंदाला एक फ्रेम तयार हवी. कोण कुठे उभा आहे, काय हललं, हे प्रोसेसर ठरवतो आणि मग कार्डाला सांगतो की हे रंगव. सांगायलाच उशीर झाला तर कार्ड हातावर हात धरून बसणार. काउंटर स्ट्राइक २ मध्ये नेमकं तेच होतंय. पाच-सहा जण एका जागी भिडले की एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) आपटतो आणि कार्डाचा टक्काही त्याच्यासोबत खाली येतो. कार्ड थकलं असतं तर टक्का ९५ च्या वर चिकटून राहिला असता.

पण प्रोसेसर तरी कुठे १०० दाखवतो? ४५ दाखवतो. इथंच भले भले फसतात. २६०० ला १२ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा), म्हणजे एक थ्रेड घाम गाळत असला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के. गेमचा मुख्य भार एक-दोन थ्रेडवरच पडतो. म्हणून आफ्टरबर्नर नावाच्या आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक थ्रेड वेगळा लावून बघायचा. एकूण टक्केवारी बघून "प्रोसेसर तर निवांत आहे" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

आणि पक्की परीक्षा अशी: व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) बंद, एफपीएसची मर्यादा बंद, मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर. एफपीएस तिथल्या तिथेच राहिला तर दोष प्रोसेसरकडे. उड्या मारत वाढला तर कार्डाकडे. काउंटर स्ट्राइकमध्ये ढिम्म हलला नाही.

इथंच विषय संपायला हवा होता. पण सायबरपंक २०७७ लावला की तेच कार्ड ९८ टक्के, ६ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) तुडुंब, आणि ७२० केलं की एफपीएस झपकन वर. म्हणजे दादा चूक नाही. मशीन एकच, निकाल दोन. मग रोज काय खेळतो ते विचारायचं, आणि त्याचं खरं उत्तर स्वतःला द्यायचं. सायबरपंक महिन्यातून एखाद्या रविवारी. रोज रात्री काय, ते सगळ्यांना माहीत आहे.

तरी मन कार्डाकडेच ओढ घेतं. बाकीची पोरं दरवर्षी नवीन घेतात. आपलं एकाच भागावर भागवायचं, तोही कापसाच्या भावावर, आणि घरात काय बोलणं होईल ते तर... जाऊ दे. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश, खोलीत ४०, त्यात प्रोसेसर ९० च्या घरात जाऊन आपणहून वेग कमी करतो. लोक अपग्रेडच्या गप्पा मारतात, आपण पंख्याची दिशा बदलत बसतो. साइड पॅनल काढून धूळ झटकली आणि प्रोसेसर-कूलरमधली पेस्ट नवी लावली तर काही अंश खाली येतील, पण खोली ४० ची असेल तर कुठलाही हवेचा कूलर तिला २५ ची करणार नाही.

खरं सांगायचं तर कार्ड हवंय कारण कार्ड दिसतं. काचेतून झळकतं, फोटो निघतो. प्रोसेसर कूलरखाली गडप होतो, तो बदलला हे बघणाऱ्याला कळतही नाही. हे मान्य केलं आणि हसूच आलं. तीन पंख्यांचं कार्ड आणून ते २६०० च्या मागे ४० टक्क्यांवर बसवायचं, म्हणजे घोडं थाटाचं आणि टांगा मोडका.

तर कार्ड नाही, प्रोसेसर: रायझन ५ ५६००. २०२२ चा, त्याच एएम४ सॉकेटचा (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा), तोही ६५ वॉटचाच, कार्डाच्या निम्म्याहून कमी पैशात. बोर्ड तोच, रॅम तीच, पॉवर सप्लायला हात लावायची गरज नाही. ६०० व्हीएच्या यूपीएसला ३६० वॉटच झेपतात, त्यातही बसतं. रायझन ७ ५७००एक्सथ्रीडीची ९६ एमबी कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) गेमला फार मानवते, पण सोबत कूलर येत नाही आणि आपल्या उन्हाळ्यात १०५ वॉट नको.

आधी रॅम तपासायची. पुष्कळ असेंबल मशीनमध्ये ३२०० ची रॅम २१३३ वर रांगत असते, कारण बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग, कुणी चालूच केलेलं नसतं. रॅमच्या काड्या सॉकेटपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात.

मग बायोस अपडेट, आणि तोही जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच. जुन्या बायोसवर नवा आधी बसवला तर स्क्रीन काळीच राहील. पेनड्राइव्ह फॅट३२, फाइल बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची. लाईटचा भरवसा नाही, म्हणून हे काम यूपीएस पूर्ण चार्ज असेल तेव्हाच. मध्येच लाईट गेली तर बोर्ड गेला समजा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्याची की आधी लिहून ठेवायची, कारण नव्या प्रोसेसरवर पहिल्यांदा एफटीपीएमचा (प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या सोयीचा) प्रश्न स्क्रीनवर येतो.

कूलर काढायच्या आधी पाच-दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करायची, मग मशीन बंद करून वायर काढायची आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा. सरळ वर ओढला तर सॉकेटचं कुलूप लागलेलं असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून पिनांसकट बाहेर येतो. एएम४ च्या पिना प्रोसेसरलाच असतात, वाकल्या की रडायचं.

कार्ड पुढच्या वर्षी. तेव्हाही आरटीएक्स ४०६० सारखं ८ लेनचं (लेन म्हणजे बोर्ड-कार्डामधला डेटाचा रस्ता) घेतलं तर बी४५० वर ते पीसीआयई ३ च्याच, म्हणजे जुन्या पिढीच्या वेगाने चालेल, आणि व्हीरॅम भरली की ते जाणवेल. १६ लेनचं बघावं लागेल. पण ते तेव्हा.

उद्या जळगावच्या गोलाणी मार्केटला जाऊन विचारायचं, बॉक्स पीस आहे की ट्रे (डब्याशिवाय सुटा). बॉक्सवर ३ वर्षांची वॉरंटी आणि कूलर, ट्रे त्याहून स्वस्त. कूलर आपल्याकडे आहेच, म्हणजे तिथंही मोह होणारच.