उबदार जागी झाकून ठेवा

पिझ्झ्याच्या प्रत्येक कृतीत एक वाक्य हमखास असतं: पीठ दुप्पट होईपर्यंत उबदार जागी झाकून ठेवा. मे महिन्यात, भर दुपारी, नागपुरात हे वाचलं की हसू येतं. उबदार नसलेली जागा सांगा ना भाऊ, तिथं मी स्वतःच जाऊन बसतो. याच शहरात 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 ला जाऊन आला होता. यीस्टला कोमट पाणी लागतं म्हणतात. आमच्या गच्चीवरच्या टाकीतून दुपारी नळाला जे उतरतं, त्यात टाकलं तर ते बिचारं जागं व्हायच्या आतच आटोपायचं. म्हणून इथं माठातलं पाणी घालून नळाचं पाणी कोमटावर आणावं लागतं. बाकी जग पाणी तापवतं, आम्ही निववतो.

परवा असाच पातेल्यासमोर बसलो होतो. कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास येत होता आणि पिठानं पाऊण तासातच झाकण उचललं होतं. फटीतून पांढरं पोट दिसत होतं. बोटानं दाबलं तर खळगा पडायचा आणि सावकाश भरून यायचा. संध्याकाळी शाळेतले मित्र येणार होते, बायका-पोरांसकट. ओव्हन लावायला याहून वाईट महिना नाही, पण पुण्या-मुंबईला गेलेले लोक मुलांच्या सुट्ट्या लागल्या की याच महिन्यात गावात सापडतात. तेव्हा घामाची तयारी ठेवायची.

"काही करायचं नाही, फक्त पिझ्झा," असं मी सगळ्यांना फोनवर बजावलं होतं. आपल्याकडे हे वाक्य कुणी खरं मानत नाही. एकाने येताना सांबारवडी आणली. दुसऱ्याच्या घरून पाटवडी आणि वेगळ्या डब्यात रस्सा आला, वर "तर्री हलवू नको बरं" अशी सूचना. आईनं तर दुपारीच जाहीर केलं होतं, "पिझ्झ्यानं कुठं पोट भरते? थोडा भात टाकून ठेवते." मी वाद घातला नाही. रात्री अकराला तोच भात दह्याशी कालवून सगळे खातात, हे तिला माहीत आहे आणि मलाही.

बेसिलचं मात्र मी घरीच जमवलं आहे. धरमपेठेतल्या दुकानांत मिळतं, पण घरी पोचेपर्यंत त्याची मान पडते. आणि तुळशीची पानं संध्याकाळी तोडायची म्हटलं तर आई घरातून काढेल. मग कळलं की आपण सरबतात टाकतो तो सब्जा म्हणजे बेसिलचंच बी. चिमूटभर कुंडीत टाकलं, खिडकीत ठेवलं, उगवलं. वास इटलीतल्यासारखा येतो की नाही ते इटलीला जाऊन आलेल्यांनी सांगावं. आईनं त्याला तुळशीची मावसबहीण ठरवून टाकलंय. ती पानं केव्हाही तोडली तरी चालतात.

टॉपिंग ज्याचं त्यानं घालायचं, असा माझ्याकडे नियम आहे आणि त्यामागे थोडा चहाटळपणाही आहे. माणूस पिझ्झ्यावर काय, किती आणि कुठपर्यंत पसरतो, ते बघण्यासारखं असतं. एक मित्र बँकेत ऑडिटला आहे. तो कांद्याच्या चकत्या सारख्या अंतरावर मांडतो. दुसरा आठ जणांचं चीज एकट्याच्या वाटणीवर ओततो, शिमला मिरचीचा डोंगर करतो आणि मध्यभागी पाणी सुटलं की म्हणतो, "काय बे, तुझा ओव्हन काही कामाचा नाही." ओव्हन बिचारा काय करणार? नेपल्सच्या लाकडाच्या भट्टीत साडेचारशे अंशांच्या आसपास आच असते, पिझ्झा मिनिट-दीड मिनिटात बाहेर. आमचा ओटीजी अडीचशेला हात टेकतो आणि एकेकाला पंधरा मिनिटं घेतो. त्यात एका वेळी एकच मावतो. म्हणजे पंधरा मिनिटांनी एक पिझ्झा, आठ तुकडे, प्रत्येकाच्या हातात एक. फुंकर मारेपर्यंत संपलेला. मग पुढची पंधरा मिनिटं सगळे बसून.

हे बसणं मला ओळखीचं वाटतं. लहानपणी थंडीत कळमेश्वरच्या बाजूला मामाच्या शेतात रोडगे व्हायचे. जाडसर दळलेली कणीक, त्यात ओवा नि मोहन. पाऱ्यांना तेल लावून एकात एक घालत मोठा गोळा करायचा. सकाळपासून गोवऱ्या रचलेल्या. मामाचा एकच हट्ट, "जाळात नाही टाकायचे, जाळ बसू द्या." जाळ काही लवकर बसायचा नाही. पुरुष झाडाखाली पत्ते कुटत, बायका वांगी चिरत, आम्ही पोरं बोरीखाली. कुणाचं लग्न कशामुळे मोडलं, कोणत्या काकानं कोणाचे पैसे बुडवले, हे सगळं मला त्या निखाऱ्यांभोवती कळलं. घरी पानावर बसल्यावर या गोष्टी कुणी काढत नसे. शेवटी मामा एकेक रोडगा फडक्यात घेऊन झटकायचा, राख उडायची, मुठीनं ठोसा देऊन तो फोडायचा आणि त्या भेगेत तूप. पहिला घास तोंडात भाजायचाच. वांग्याची भाजी तिखट, नाकातून पाणी, आणि "अजून एक घे ना, लाजून काहून राहिला" असं मामी. 2017 मध्ये युनेस्कोनं नेपल्सच्या पिझ्झावाल्यांची कला मानवी वारशाच्या यादीत घातली. मामाला असलं काही ठाऊक नव्हतं, आणि ते शेत आता लेआउट झालं आहे.

परवा तिसरा पिझ्झा ओव्हनमध्ये होता. एकाने नेहमीची गोष्ट काढली होती, 1889 मध्ये मार्गेरिटा राणीसाठी नेपल्सच्या एका पिझ्झावाल्यानं टोमॅटो, चीज आणि बेसिल असा तिरंगी पिझ्झा केला ती. इतिहासकार तिच्यावर शंका घेतात, हे आम्ही त्याला नेहमीप्रमाणे सांगितलं. मग जरा शांतता पडली. पाटवडीचा डबा रिकामा झाला होता, मुलं आतल्या खोलीत कूलरपाशी. आणि आमच्यातला सगळ्यात बोलका जो, तो म्हणाला, "बाबा मला ओळखत नाहीत आता. परवा मलाच विचारलं, तुम्ही कोणाकडे आले?" काचेतून चीजवर बुडबुडे येताना दिसत होते. कुणी काही बोललं नाही. ऑडिटवाल्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग तो हळूहळू सगळं सांगत गेला, डॉक्टर काय म्हणाले, रात्री कोण जागतं, बहीण कधी येते. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. रोज आमच्या ग्रुपवर शंभर मेसेज असतात.

टण झालं. मी उठलो, कापला. त्याच्या ताटलीत कुणीतरी दोन तुकडे टाकले. तो म्हणाला, "एवढा नको बे," आणि खाल्ले.

निघताना एक वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पुढच्या वेळी बाहेरूनच मागवू. सगळे एकदम येतात, तुम्हाला त्रास नको." त्यांचं खरंच आहे, घामानं शर्ट पिळायला झाला होता. मागवा म्हटलं. फक्त ओरेगॅनोच्या पुड्या माझ्याकडे ठेवा, ड्रॉवरमधल्या संपत आल्या आहेत.