बाग काढून दुसरं काही का लावत नाही?

निफाड तालुक्यात आमची तीन एकर जमीन. दोन एकर द्राक्षबाग, एक एकर कांदा. अवकाळीची बातमी आली की नातेवाइकांचे फोन सुरू होतात आणि विचारपूस झाली की शेवटी प्रश्न येतोच: "हवामान एवढं बिघडलंय, तर बाग काढून दुसरं काही का लावत नाही?" काळजीपोटीच विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

डॉगरीज या रानटी द्राक्षजातीच्या खुंटावर कलम करून वेल मांडवावर चढवायला दीड-दोन वर्षं जातात, तेव्हा कुठे पहिला माल. लोखंडी अँगल, तारा, ठिबक यांचं कर्ज त्याआधीच डोक्यावर बसलेलं असतं. एका पावसाने घाबरून अशी बाग मोडता येत नाही. पीक बदलणं हातात नसतं, छाटणीची तारीख असते. ती आम्ही बदलली.

द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी, म्हणजे पुढे घड धरणारी फांदी, तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, तिच्यातून माल. वडील दसऱ्याच्या मागेपुढे दोन्ही एकर एका दमात छाटायचे. मी वरचा तुकडा सप्टेंबरच्या मध्यात छाटतो आणि खालचा ऑक्टोबरची वीस तारीख ओलांडल्यावर. फुलोरा साधारण चाळिसाव्या दिवसाच्या पुढे येतो. त्या आठ-दहा दिवसांत पाऊस किंवा नुसतं दाट धुकं आलं तरी डाउनी हा बुरशीचा रोग घडात शिरतो, कूज लागते, गळ होते. दोन तारखा धरल्या तर एकाच पावसात दोन्ही तुकडे फुलोऱ्यात सापडत नाहीत. फवारण्यांचा खर्च आणि मजुरांची धावपळ मात्र वाढते. गारांपुढे तर कुठलीच तारीख चालत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस गारपीट झाली तेव्हा दोन्ही तुकड्यांत घडांचा सडा पडला होता. प्लॅस्टिकचं आच्छादन गारा आणि पाऊस दोन्ही बऱ्यापैकी अडवतं, पण एकरी खर्च लाखांत. दोन एकरवाल्याला ते अनुदानाशिवाय झेपत नाही, हे मी ठामपणे सांगतो.

लोकांना वाटतं, पाऊस म्हणजे तयार मालावरचं संकट. मणी तडकतात, ते खरंच. पण मला धास्ती असते ती मे महिन्यातल्या ढगांची. पुढच्या हंगामाचा घड खरड छाटणीनंतरच्या दोनेक महिन्यांत, कोवळ्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कळीत, घडत असतो आणि त्याला ऊन लागतं. २०२५ च्या मे महिन्यात पावसाळा लागल्यासारखा पाऊस झाला. पाल्याने मांडव गच्च भरला; बघणारा म्हणायचा, बाग काय जोमात आहे! छाटणीआधी वीस काड्या कापून डोळे तपासायला प्रयोगशाळेत नेल्या. तिथल्या मुलीने ब्लेडने डोळ्याचा पातळ काप घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बघायला लावलं. घड दिसायला हवा तिथे बाळी, म्हणजे वेलीचा नुसता तणावा. दुसरा डोळा, तिसरा डोळा, तेच. "काका, खालच्या डोळ्यांवर काही नाही, सातव्या-आठव्यावर थोडे आहेत," ती हळू आवाजात म्हणाली. त्या वर्षी काडी लांब राखून छाटली, म्हणून निदान खर्चापुरता माल निघाला. आता माल लवकर उतरला की खरड छाटणी मार्चअखेरीसच उरकतो आणि मे महिन्यात फुटींची विरळणी हात राखून करत नाही. काडीला ऊन लागलंच पाहिजे.

हे शहाणपण काही माझं एकट्याचं नाही. छाटणीला दरवर्षी पेठकडची तीच टोळी येते. त्यातले मामा घरी डोंगरउतारावर नागली, म्हणजे नाचणी, करतात. उथळ वरकस जमिनीवर लवकर येणारी हळवी, खाली ओल धरणाऱ्या जागी उशिरा येणारी गरवी. मी एकदा विचारलं, एकच चांगली जात सगळीकडे का नाही पेरत? मामा म्हणाले, "पाऊस मधूनच गेला तर पोरांनी खायचं काय?" दोन तारखांची छाटणी मी त्यानंतर सुरू केली.

कांद्याचंही तसंच. उन्हाळ कांद्याचं रोप सपाट वाफ्यात टाकलं की अवकाळीत पाणी साचून मर लागते. आता गादीवाफ्यावर टाकतो आणि पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. बी घरचंच, बियाण्यासाठी राखलेले कांदे, म्हणजे डोंगळे, लावून आई काढते.

तेव्हा पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा नुसतं "पाऊस झाला का" असं विचारू नका. बाग कितव्या दिवसाला आहे ते विचारा. आम्ही छाटणीपासून दिवस मोजतो. आज वरचा तुकडा बेचाळिसाव्या दिवसाला आहे, ऐन फुलोऱ्यात. खालचा सातव्या, डोळे आत्ताच फुगायला लागलेत. आभाळ सकाळपासून भरून आलंय आणि मुलगा फवारणीच्या ब्लोअरची टाकी भरतोय.