हिवाळी चारा बघायला राहुरीला

डिसेंबर लागला की आमच्या करमाळा भागात नेपियर, म्हणजे चाऱ्याचं उंच गवत, आखडतो. पाणी द्या, युरिया टाका, थंडीत तो हलत नाही. गोठ्यात मग नुसता कडबा आणि दुधाला उतार. म्हणून गावातले आम्ही काही गोठेवाले राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठात हिवाळी चाऱ्याचे प्लॉट बघून आलो.

करमाळ्याहून मिरजगावमार्गे नगर, तिथून मनमाड रस्त्यानं साधारण 35 किलोमीटर. एसटीनंही जमतं, पण आवार अफाट आहे, आत फिरायला स्वतःची गाडी बरी. आधी फोन करून वेळ ठरवा. आणि शिर्डी, शिंगणापूर परतीला ठेवा. दर्शन आधी उरकायचं म्हणणारे दुपारी पोचतात आणि बांधावरूनच माघारी फिरतात.

खरी गंमत ओटच्या, म्हणजे चाऱ्यासाठी पेरतात त्या जईच्या, प्लॉटमध्ये. त्यातला फुले हरिता हा वाण कमरेच्या वर आलेला, पानं रुंद आणि लुसलुशीत. कापणी चालू होती. कापणाऱ्या मावशी विळा जमिनीला टेकवत नव्हत्या, चार बोटं बुडखा राखून कापत होत्या. आमच्यातल्या नानांनी विचारलं, "एवढं कशाला सोडता?" मावशी म्हणाल्या, "सोडलं नाही तर फुटंल कुठनं?" पलीकडे आधी कापलेल्या वाफ्यात त्याच बुडख्यांवर हिरवे कोंब दिसत होते. पहिली कापणी 50-55 दिवसांनी, दुसरी पुढे 35-40 दिवसांनी. बी एकरी 40 किलो, दोन ओळींत 30 सेंटिमीटर.

पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पण सगळं रान एकदम पेरू नका, नाहीतर सगळंच एकदम फुलोऱ्यात येतं आणि निबर होतं. दहा गुंठ्यांना दहा किलो बी, दर पंधरवड्याला एक तुकडा, असं केलं की विळा रोज चालतो.

आमच्यातल्या एकाला बरसीम हा द्विदल हिरवा चाराच हवा होता. माझं मत, आपल्याकडे त्याच्या नादी लागू नये. त्याला लांबलचक थंडी लागते. ती उत्तरेत मिळते, आपल्याकडे फेब्रुवारीतच ऊन तापतं. त्यापेक्षा लसूणघास, म्हणजे ल्यूसर्न, लावा. राहुरीचाच आरएल-88 वाण बहुवर्षायू आहे. पहिली कापणी पन्नासेक दिवसांनी, मग महिन्याला एक. ओटबरोबर दिला की प्रथिनांची बाजू सांभाळली जाते.

जनावरं मोकळी सोडणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दंव असताना उपाशी जनावर लसूणघासात शिरलं तर पोट फुगतं. आधी कडबा घाला, मग हिरवं, तेही सुकवून. आणि कापलेल्या ज्वारीच्या खोडव्याला कोवळे फुटवे आले असतील तर तिकडे जनावर जाऊच देऊ नका, किराळ लागते, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष बाधतं, डॉक्टर येईपर्यंत हाती काही राहत नाही.

प्लॉट बघायला डिसेंबर-जानेवारी उत्तम, बियाण्यासाठी मात्र दसऱ्याच्या आधीच चौकशी करा, ऐन पेरणीत हवा तो वाण मिळेलच असं नाही. लसूणघासाचं बी घेताना पिशवीवरचा प्रमाणित बियाण्याचा टॅग बघा. सुट्या बियाण्यातून अमरवेल शिरते. पिवळा दोरा दिसला की तेवढं ठिगळ लसूणघासासकट, वेलीला फुलं येण्याआधी उपटून जाळायचं.